शंभरनंबरी रक्त

काही घरांत एखादा मुलगा शिकून मोठा होतो, काही घरांत एखादी आत्या चांगली गाते, आणि मग सगळं घर त्या एका माणसाच्या जिवावर वर्षानुवर्षं मिरवतं. या घरात तसं काही घडलं नव्हतं. या घरात एका माणसाचं रक्त चांगलं निघालं होतं.

त्याचं झालं असं. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, एकदा छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं, तिथे त्याच्या हृदयाच्या धमन्यांत दोन ठिकाणी स्टेंट बसवले आणि त्याला घरी पाठवलं. दादा निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी कुणाचं तरी प्रगतिपुस्तक बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. घरी आल्या आल्या त्याने फर्मान काढलं की दरवर्षी सगळ्या घराचं रक्त एकाच दिवशी तपासायचं, आणि पुढच्या रविवारी जेवणं उरकली की निकाल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. कुणाची साखर वर गेली, कुणाचं लोह खाली आलं, सगळं चव्हाट्यावर. वहिनी पहिल्या वर्षी म्हणाली, "बायकांचे तरी हळू वाचा." दादा म्हणाला, "रक्तात बायका-पुरुष नसतात." असतात, हे त्याला वहिनीच्या हिमोग्लोबिनवरून लगेच कळलं, पण तो हेडमास्तर होता, त्याने पुढचं पान उलटलं.

त्या पहिल्याच वाचनात धाकट्याचं चांगलं कोलेस्टेरॉल एकशे सहा निघालं. दादाचं स्वतःचं एकतीस. दादाने चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचला.

"चाळीसला पास," तो म्हणाला. "साठच्या वर पहिला वर्ग. आणि हा गाढव एकशे सहा घेऊन बसलाय. अरे, हे तर शंभर नंबरी सोनं आहे."

त्या दिवसापासून धाकट्याचं नाव शंभरनंबरी पडलं. आधी घरात, मग जिन्यात, मग तो ज्या लाँड्रीत मुकादम होता तिथेही. त्याला स्वतःला ते आवडलं, खोटं कशाला बोला. शाळेत तो कधी पस्तिसाच्या वर गेला नव्हता, आणि ते पस्तीससुद्धा शिक्षकांचा भाऊ म्हणून मिळतात असं पोरं म्हणत. आता कुठलाही अभ्यास न करता, नुसता हात पुढे करून, तो घरात पहिला आला होता.

त्याच कागदावर खाली वाईट कोलेस्टेरॉलही बरंच वाढलेलं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. दादाने ती चिठ्ठी पाहिली आणि हसला. "एका वर्गात दोन उनाड पोरं आणि बाकी सगळी हुशार, तर वर्ग कुणाच्या नावावर ओळखला जातो? तुझं चांगलं एवढं आहे की वाईटाला खाऊन ढेकर देईल." गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं गेलं. ड्रॉवर उघडताना आणि मिटताना ते मागे मागे सरकत गेलं आणि एके दिवशी पार दिसेनासं झालं.

पण माणसाच्या खात्यात एकदा घसघशीत जमा दिसली की लोक त्यावर उचल मागायला लागतात. घरातली माणसं तर विचारतही नाहीत, परस्पर काढतात.

दोघा भावांची घरं एकाच इमारतीत होती. तळमजल्यावर धाकटा, चौथ्या मजल्यावर दादा. लिफ्ट नव्हती. दादाच्या स्टेंटनंतर डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा. मग घरं बदलायचं ठरलं, आणि ते कुणी ठरवलं हे शंभरनंबरीला आजतागायत उमगलं नव्हतं. ज्याच्या धमन्या धड त्याने वर राहावं, हे इतकं सरळ होतं की कुणी बोलायचीही गरज पडली नाही. दादा खाली आला, शंभरनंबरी वर गेला. आणि बाबा शंभरनंबरीकडे राहत होते म्हणून त्याच्याबरोबर तेही वर गेले. बाबांना तेव्हा चालता येत होतं. पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा जवळजवळ गेली. तीन शब्द उरले: हो, बास आणि थांब. त्या तीन शब्दांत बाबा आपला सगळा संसार चालवत.

तळमजल्याचं घर तोवर वहिनीने सजवून घेतलं होतं. जिन्याला लागूनच जाळीचा दरवाजा, आत मोठा सोफा, पलीकडे दादाची पुस्तकांची खोली. बाबांना खाली ठेवावं हा विचार एक-दोनदा हवेत तरंगला. पण वहिनी म्हणाली, "आमच्या ह्यांना दगदग झेपायची नाही हो. भावजी आहेत म्हणून निभतंय." आणि भावजी होते.

तर दर सोमवारी आणि गुरुवारी बाबांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं असे. हाताच्या लाकडी खुर्चीत बाबांना बसवायचं, कमरेला पट्टा बांधायचा, पाठीकडून शंभरनंबरीने धरायचं आणि पायांकडून दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने, ज्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर काटकुळा होता आणि तोंडाने दणकट. एरवी पाठमोरा चालणारा घाबरून पाय सांभाळतो, मास्तर जिना चढता-उतरता जगाची मापं काढायचा. जड बाजू शंभरनंबरीकडे. साहजिकच होतं.

वर्षभर काही वाटलं नाही. मग एका सोमवारी, वर येताना, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याच्या छातीत कुणीतरी ओली चादर पिळावी तसं झालं. डाव्या खांद्यापर्यंत पीळ गेला. त्याच क्षणी बाबा म्हणाले, "थांब."

खुर्ची टेकवली. दोन मिनिटांत पीळ सुटला. शंभरनंबरीने मनात म्हटलं, बरं झालं बाबांना थांबावंसं वाटलं.

पुढच्या खेपेलाही तसंच झालं. त्याच्या पुढच्या खेपेला तर दुसऱ्या मजल्यावरच. प्रत्येक वेळी बाबांचं "थांब" आधी यायचं आणि शंभरनंबरी मान फिरवून भिंतीवरच्या ओरखड्याकडे बघत उभा राहायचा. तो ओरखडा त्यांच्याच खुर्चीने पडला होता. मास्तर म्हणायचा, "बाबांचा मूडच न्यारा. राजासारखे थांबतात." बाबांचा डावा हात त्या वेळी मागे वळून मुलाच्या मनगटावर असायचा. पडायची भीती, असं शंभरनंबरीला वाटायचं.

सांगायचं कुणाला? बायकोला त्याने एका सकाळी म्हटलं, "जरा छातीत धरल्यासारखं होतं." ती फोनवर बहिणीशी बोलत होती. फोनवर हात ठेवून म्हणाली, "गॅस आहे. दुसरा चहा नको म्हटलं होतं ना, अहो?" आणि हात काढून बहिणीला म्हणाली, "काही नाही गं, आमच्यांना काय धाड भरलीय. ते शंभरनंबरी." तिचा काही दोष नव्हता. घरात एक गोष्ट पक्की असली की बाई बाकीच्या कच्च्या गोष्टींकडे लक्ष देते. तिने नवऱ्याचं हृदय पक्क्या यादीत टाकलं होतं.

त्याच सुमारास लाँड्रीत एक घोळ झाला. ही लाँड्री हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणारी. मळकी कापडं लोखंडी जाळीच्या ट्रॉल्यांतून यायची. आत एक उचलयंत्र होतं. ते ट्रॉली उचलून धुलाईच्या तोंडाशी उपडी करायचं, आणि रिकामी ट्रॉली परत गाडीत चढून हॉटेलात जायची. यंत्राचा एक पट्टा झिजला आणि ते कुथत कुथत चालायला लागलं. चार ट्रॉल्यांना लागायचा तो वेळ एकीला लागायला लागला. सकाळपर्यंत आवारात भरलेल्या ट्रॉल्यांची रांग फाटकापर्यंत गेली. नेमके त्याच दिवशी मालकांचे पाहुणे आले. त्यांनी ती रांग पाहिली आणि कौतुकाने म्हणाले, "वा, काम जोरात दिसतंय." मालकांनी शंभरनंबरीकडे पाहिलं. शंभरनंबरीने आकाशाकडे पाहिलं. तिकडे हॉटेलांतून फोनवर फोन येत होते, की रिकाम्या ट्रॉल्या नाहीत, मळक्या चादरी खोल्यांबाहेर, जिन्यात, दारांत पडल्यात, गिऱ्हाइकं तुडवत जातायत.

फाटकाजवळची एक ट्रॉली त्याने हाताने ढकलायला घेतली, आणि तिथेच खाली बसला. घाम असा फुटला की इस्त्रीवाल्या बाईंनी पंखा त्याच्याकडे वळवला. "मुकादम," त्या म्हणाल्या, "हा गॅस नाही. माझ्या नवऱ्यालाही गॅसच होता." नवरा आता कुठे आहे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जातो म्हणून तो हृदयाच्या दवाखान्यात गेला. घरी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, शब्द त्याहून घट्ट. त्यांनी त्याला चालत्या पट्ट्यावर चढवलं आणि त्याला वाटलं त्याच्या बऱ्याच आधी उतरवलं. मग जुने कागद मागितले. शंभरनंबरीने मोठ्या विश्वासाने एकशे सहाचा कागद पुढे केला. सोबत यंदाचा नवा, ज्यावर एकशे नऊ होतं आणि जो रविवारी वाचला जायचा होता.

"हा आकडा बघून मला आनंद होत नाही," बाई म्हणाल्या.

त्याला घरच्या वतीने अपमान वाटला. "चांगलं कोलेस्टेरॉल आहे ते," त्याने समजावून सांगितलं.

"आहे ना. पण चांगलं म्हणजे काय, ते ऐका. या समजा गाड्या आहेत. धमन्यांच्या भिंतीत चरबी साठते, ती उचलायची आणि यकृताकडे नेऊन टाकायची, हे त्यांचं काम. आपण रक्त तपासतो तेव्हा रस्त्यावर किती गाड्या आहेत तेवढंच मोजतो. किती माल पोचला ते त्यात मोजलं जात नाही."

"पण गाड्या जास्त म्हणजे…"

"बऱ्याच माणसांत गाड्या पुरेशा असणं चांगलंच. पण तुमच्याइतका आकडा दिसला की मी जरा सावध होते. काहींच्या रक्तात गाड्या जास्त दिसतात, कारण त्या रिकाम्याच होत नाहीत. यकृतापाशी एक एन्झाइम असतं. आलेल्या गाडीवर काम करून तिचा माल उतरवायला ते मदत करतं. काही जणांत ते जन्मापासूनच मंद असतं. मग गाड्या भरल्या पोटी रक्तात फिरत राहतात, फुगतात. कागदावर आकडा छान दिसतो."

शंभरनंबरीने एकशे नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आमचं उचलयंत्र."

"काय?"

त्याने सांगितलं. रांग, फाटक, पाहुणे, सगळं. डॉक्टरबाई पहिल्यांदा थोड्या हसल्या. "आणि तेव्हा मळक्या चादरी कुठे साठल्या?"

"हॉटेलांत. जिन्यात."

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि हसणं आवरलं. "आता एक सांगते. तुमच्यात नेमका हाच बिघाड आहे का, हे मी आज छातीठोक सांगणार नाही. त्याची तपासणी वेगळी असते, आणि असा बिघाड असूनही काहींना आयुष्यभर काही होत नाही. पण हा आकडा तुमच्या धमन्यांना जामीन राहू शकत नाही, एवढं नक्की. तुमचं वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, ते तर कुठल्याही हिशेबाने वाईटच. गोळ्या दिल्या होत्या कुणी?"

"दादा म्हणाला, गरज नाही."

"दादा डॉक्टर आहेत?"

"हेडमास्तर होता."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "आईला हृदयाचा काही त्रास?"

"झोपेतच गेली. कसला त्रास नाही, काही नाही. पुण्यवान बाई, म्हणतात सगळे."

बाईंनी तेही लिहिलं, आणि यावेळी त्यांची मान जरा वेळ खालीच राहिली. त्याला एकदम आठवलं की आईही जिन्यात थांबायची. पिशवी खाली ठेवून म्हणायची, तुम्ही व्हा पुढे.

"येत्या सोमवारी अँजिओग्राफी करू. कुठे किती अडलंय ते दिसेल, मग पुढचं ठरवू. आजपासून या गोळ्या, रोज, न चुकता. जिना हळू. वजन उचलायचं नाही. भाजीची पिशवीसुद्धा नाही."

"वडील चालतील?"

"वडील?"

"उचलायला."

डॉक्टरबाईंनी लेखणी खाली ठेवली. "नाही," त्या म्हणाल्या. "वडील चालणार नाहीत."

बाहेर येऊन तो बाकावर बसला. सोमवार ठीक होता, सोमवारी तो इथेच असणार. मध्ये गुरुवार होता.

संध्याकाळी तो तळमजल्यावर गेला. ठरवून गेला, की आज बोलायचं. दादा सोफ्यावर बसून रविवारच्या वाचनाची तयारी करत होता, म्हणजे चष्मा पुसत होता.

"ये, शंभर. यंदा किती? एकशे दहा गाठतोस की नाही?"

"दादा, समज हा आकडा आपण वाटतो तसा नसेल. म्हणजे जास्त असूनही…"

"जास्त असूनही काय? जास्त मार्क मिळाले म्हणून कुणी नापास होतो का?" दादा हसला. मग त्याने वहिनी आत आहे असं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुला एक सांगू? अंथरुणावर पडलो ना, की माझं लक्ष छातीकडे जातं. ठोका इकडचा तिकडे झाला तर नाही? मग मी तुझा आकडा आठवतो. म्हणतो, मी गेलो तरी घरात एक माणूस धड आहे. बाबांचं अडणार नाही. मग झोप लागते. हसू नकोस."

शंभरनंबरी हसत नव्हता. एखाद्याने आपल्या अंगावरचं पांघरूण दाखवावं आणि ते आपलंच धोतर निघावं, तसं त्याला झालं. काढून घ्यावं तर भाऊ उघडा, न घ्यावं तर आपण.

वहिनी चहा घेऊन आली. "भावजी, साखर कमी घातलीय. तुम्हाला खरं तर चालते म्हणा." तो चहा प्यायला, बाबांच्या गोळ्यांबद्दल काहीतरी बोलला आणि वर निघाला. तिसऱ्या मजल्यावर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. वर बायको, बाबा आणि पक्की यादी. खाली दादा आणि त्याची झोप. मधल्या वळणावर एवढी जागा, की एक माणूस उभा राहील आणि खुर्ची टेकेल.

गुरुवार यायचा तो आलाच. मास्तरला सांगून टाकावं असं एकदा मनात आलं. पण मास्तरला सांगणं म्हणजे इमारतीच्या भिंतीवर लिहिणं. दुसरा कुणी माणूस बघावा, तर का हवा हे सांगावं लागणार. व्यायाम चुकवावा, तर दादा खालून हाक मारणार. सगळी दारं त्याने हलवून पाहिली, आणि प्रत्येक दारामागे तोच एकशे सहा उभा होता.

त्याने खुर्ची धरली. उतरताना फार त्रास झाला नाही. दवाखान्यात बाबांचा व्यायाम झाला. तिथल्या बाईंनी बाबांच्या डाव्या हातात रबरी चेंडू दिला आणि म्हणाल्या, "या हाताची पकड मात्र लोखंडासारखी आहे हं, बाबा." बाबा म्हणाले, "हो."

परत आले. टॅक्सी गेली. मास्तरने पायांकडची बाजू उचलली आणि नेहमीसारखा सुरू झाला, की हल्ली लोकांच्या कमरा वाढतात पण कुणी माप खरं सांगू देत नाही. शंभरनंबरीने श्वास घेतला, उचललं. जिन्याची पहिली पायरी तळमजल्याच्या दाराला लागूनच होती. दार उघडं होतं, जाळी ओढलेली. खुर्ची जाळीच्या शेजारून गेली, आणि थांबली.

बाबांनी डाव्या हाताने जाळी धरली होती.

"बाबा, हात अडकला," मास्तर म्हणाला.

"बास," बाबा म्हणाले.

"बास काय? अजून सुरुवातच नाही."

"बास."

शंभरनंबरीने खुर्ची टेकवली आणि बाबांची बोटं हळूच सोडवायला गेला. ती सुटेनात. खडखड ऐकून दादा बाहेर आला, मागून वहिनी.

"बाबा, हे काय? सोडा बघू," दादा वर्गातल्या आवाजात म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या वर्गात हेडमास्तर कोण, हे त्या नजरेत स्पष्ट होतं.

"चहा हवा असेल," वहिनी म्हणाली. चहा आला. बाबांनी तोंड फिरवलं.

"हट्ट करतायत," दादा म्हणाला. "अरे शंभर, तू ताकदवान आहेस, जरा बोटं सोडव."

मास्तर पायरीवर बसला होता. तो गप्प कसा राहणार? "मला एक कळत नाही," तो म्हणाला. "बाबा वर जाताना दरवेळी थांब म्हणतात. खाली उतरताना कधीच म्हणत नाहीत. उतरताना तर भीती जास्त. आणि म्हणतात तेही कधी, तर ह्यांचे हात थरथरायला लागले की. मी समोर असतो ना, मला दिसतं. मी म्हटलं, बापाला मुलाच्या हाताची काळजी. आता बघा, जाळीच धरून बसले."

शंभरनंबरीने बाबांच्या हाताकडे पाहिलं. त्या हाताला पडायची भीती कधीच नव्हती. मनगटावर ठेवलेली ती बोटं नाडीवर होती. अर्धं अंग गेलेला म्हातारा, तीन शब्दांचा धनी, इतके दिवस दोन्ही बाजूंचा हिशेब एकटा सांभाळत होता, आणि आज त्याने खातं बंद केलं होतं.

"ते सोडणार नाहीत, दादा," शंभरनंबरी म्हणाला. "आणि मी उचलणार नाही."

"म्हणजे?"

मग त्याने सांगितलं. जिन्यातच, उभ्याउभ्या. पट्ट्यावरून लवकर उतरवलं ते, सोमवारची अँजिओग्राफी, भाजीची पिशवीसुद्धा नाही ते. दादा ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट अडून बसली होती.

"पण एकशे सहा," तो म्हणाला.

"एकशे नऊ आहे आता. कदाचित त्यातच घोळ आहे. गाड्या खूप दिसतात, त्या रिकाम्या होत नसतील. माल उतरवून घेणारंच मंद. आणि नसलं तसं, तरी आकड्याने धमन्या धड राहत नाहीत. त्या बाई म्हणाल्या, हा जामीन राहू शकत नाही."

दादा मास्तरच्या शेजारी पायरीवर बसला. चष्मा काढून त्याने हातात धरला. "गोळ्या," तो शेवटी म्हणाला. "त्या गोळ्या मी बंद करायला लावल्या."

"सुरूच कुठे केल्या होत्या?"

"तेच ते."

"मी काय लहान होतो? मला पहिलं यायचं होतं," शंभरनंबरी म्हणाला. ही गोष्ट खरी होती, आणि ती बोलून त्याला जरा हलकं वाटलं.

वहिनी दारात उभी होती. तिची नजर सोफ्यावरून पुस्तकांच्या खोलीवर गेली, तिथून नवऱ्यावर, तिथून बाबांच्या मुठीवर. बाई हिशेबी होती, पण हिशेबी माणसाला निदान केव्हा चुकतं करायचं ते कळतं. "जिन्यात काय बसलात सगळे," ती म्हणाली. "जाणारे-येणारे बघतील. मास्तर, आतलं टेबल भिंतीला सरकवा. पुस्तकं राहू देत, बाबांची कॉट त्या खिडकीखाली बसेल. आणि सारखं कौतुकाने बघू नका माझ्याकडे, मला नंतर चिडायचंय."

तिने जाळी पूर्ण उघडली. बाबांनी आत पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि बोटं सोडली. जाळीचे चौकोन त्यांच्या तळव्यावर उमटले होते.

"हो," ते म्हणाले.

मास्तर आणि टॅक्सीस्टँडवरचा एक माणूस यांनी खुर्ची आत नेली. दादा उठला, भावाजवळ आला. आता तो जरा सावरला होता. त्याचा पहिला विद्यार्थी घसरला होता खरा, पण त्याच्याच वर्गात येऊन बसला होता, आणि या विषयात दादा सीनियर होता.

"मनगटातून करणार की मांडीतून, विचारलंस?"

"नाही."

"मनगटातून सांग. मांडीतून केलं की पाय हलवू देत नाहीत. आणि ते औषध सोडतात तेव्हा अंगात गरम जातं, घाबरू नकोस. मी येतो सोमवारी." त्याने आवाज खाली आणला. "भीती वाटते?"

"हो."

"वाटतेच," दादा म्हणाला. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "आता मी रात्री काय आठवू, ते सांग."

शंभरनंबरीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "वर जाऊन हिला सांगतो," तो म्हणाला.

"येताना काही आणू नकोस. बाबांचे कपडेसुद्धा नाही."

तो निघाला. हात रिकामे. एवढ्या वर्षांत इतक्या हलक्या हातांनी तो या जिन्याने चढला नव्हता, आणि तरी दुसऱ्या मजल्यावर त्याला कठडा धरावा लागला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ओली चादर पुन्हा पिळली गेली. पाठीमागे खुर्ची नव्हती, मास्तर नव्हता. थांब म्हणणारंही कुणी नव्हतं. तो भिंतीला टेकला, ओरखड्याच्या बरोबर शेजारी, आणि पीळ सुटायची वाट बघू लागला. या वेळी तो लवकर सुटत नव्हता. सोमवार इथून बराच लांब होता.

वर दार उघडलं. बायकोचं डोकं कठड्यावरून डोकावलं.

"अहो, एवढा वेळ? बाबा कुठायत?"

"खाली. दादाकडे."

"का? आणि तुम्ही तिथे काय करताय?"

नेहमीसारखं काहीतरी ओठांवर आलं होतं, बुटाची नाडी, मास्तरच्या गप्पा. ते त्याने गिळलं.

"मी थांबलोय," तो म्हणाला. "खाली ये. जरा सांगायचंय."